देवमाशाचे पाय

‘देवमासा हा मासा आहे काय?’ असे वर्गात विचारल्यास बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. नावातच मासा आहे, त्यास मुलांनी काय करावे! परंतु देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो व पिलांना दूध पाजतो. म्हणजे तो सस्तन प्राणी होय. मग तो सागरात गेला कसा? याचे उत्तर आपल्याच उपखंडातील खडकांत सापडते.

सुमारे ५ कोटी ६० लक्ष ते ३ कोटी ३९ लक्ष वर्षांपूर्वीच्या कालखंडास आदिनूतन अथवा इओसीन युग म्हणतात. त्या काळी पृथ्वी आजच्याहून पुष्कळ उष्ण होती. भारतभूमी उत्तरेस सरकत आशियास भिडत होती व मधला टेथिस समुद्र आटत चालला होता. कच्छवर उथळ समुद्र पसरला होता. तेथील चुनखडकांत न्युम्युलाइट या एकपेशीय जीवांची नाण्यांसारखी कवचे आजही मिळतात. कच्छमधीलच पानंध्रोच्या खाणीत सापडलेल्या २७ मणक्यांवरून एका प्रचंड सर्पाचा शोध लागला. २०२४ साली त्यास ‘वासुकी’ हे नाव मिळाले. त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी, असा अंदाज आहे.

याच युगात देवमाशांचे पूर्वज पाण्यात उतरले. आजच्या पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस चार पायांचा असून ओढ्यांकाठी वावरे. कच्छच्या कच्छिसेटसचे पाय आखूड व शेपूट लांब होते. इजिप्तमधील बॅसिलोसॉरस पूर्णपणे सागरवासी झाला होता. तरीही त्यास इवलेसे मागील पाय होतेच.

जम्मू विभागातील कालाकोट येथून भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी काही दगड आणले होते. त्यांच्या पश्चात पत्नीने ते जपून ठेवले व पुढे अभ्यासकांच्या हाती दिले. ते साफ करताना एक कवटी चुकून फुटली, आणि कानाचे हाड देवमाशाच्या हाडासारखेच जाड दिसले! पिसोरी हरणासारखा दिसणारा हा इंडोहायस देवमाशांचा पूर्वज नव्हे, पण निकटचा आप्त आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झाले. ते दगड निरुपयोगी म्हणून टाकले असते, तर हा दुवा हरपला असता.

शिक्षकांनी हे चारही प्राणी फळ्यावर काढून दाखवावेत. मात्र नावे पाठ करून घेण्याचा आग्रह धरू नये. प्रत्येक विधानापुढे ‘हे कशावरून?’ असे मुलांनी विचारावे, आणि एखाद्याने वेगळा दिसणारा दगड वर्गात आणलाच, तर तो फेकून देण्यापूर्वी नीट पाहावा, एवढे साधले तरी पाठ सफल झाला असे समजावे.