दार उघडायचं नाही! : शब्द पाळण्याविषयी एक जपानी लोककथा

‘खोटं बोलू नये’ हे मुलांना पटकन समजतं. ‘दिलेला शब्द पाळावा’ हे समजायला मात्र गोष्ट लागते. राजा हरिश्चंद्राची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आज जपानची एक गोष्ट ऐकू या. तिचं नाव ‘त्सुरू नो ओंगाएशी’. त्सुरू म्हणजे क्रौंच पक्षी आणि ओंगाएशी म्हणजे उपकारांची फेड.

गोष्ट

एका खेड्यात एक गरीब म्हातारा-म्हातारी राहत होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. थंडीच्या दिवसांत म्हातारा सरपण विकायला निघाला. वाटेत बर्फात एक क्रौंच फासात अडकून तडफडत होता. म्हाताऱ्याने फास सोडवला. पक्षी त्याच्या डोक्यावरून एक घिरटी घालून उडून गेला.

त्याच रात्री दारावर थाप पडली. बाहेर एक मुलगी उभी होती. “वाट चुकले, आजोबा. आजची रात्र राहू का?” बर्फ थांबेना, म्हणून ती राहिली आणि हळूहळू घरचीच लेक झाली.

एके दिवशी ती म्हणाली, “मी माग लावते. पण मी विणत असताना आत डोकावायचं नाही. द्याल मला वचन?” दोघांनी वचन दिलं. तीन दिवस, तीन रात्री मागाचा आवाज येत राहिला. मग ती इतकं सुंदर वस्त्र घेऊन आली की बाजारात त्याला भरपूर पैसे मिळाले. तिने पुन्हा विणायला घेतलं. या वेळी मात्र ती फार थकलेली, सुकलेली दिसत होती.

म्हातारीला राहवेना. ‘एकदाच बघते’ म्हणून तिने दार किलकिलं केलं. आत मुलगी नव्हतीच! एक क्रौंच चोचीने स्वतःची पिसं उपटून वस्त्रात विणत होता. अंग जवळजवळ उघडं पडलं होतं.

विणून झाल्यावर मुलगी बाहेर आली. “आजोबा, तुम्ही वाचवलेला क्रौंच मीच. तुमच्याकडेच राहायचं होतं, पण आता मला जावं लागेल.” शेवटचं वस्त्र त्यांच्या हातात ठेवून ती उडून गेली.

थोडी माहिती

ही गोष्ट जपानमध्ये अनेक भागांत वेगवेगळ्या रूपांत सांगतात. काही ठिकाणी म्हाताऱ्याच्या जागी तरुण असतो आणि क्रौंच त्याची बायको होते. त्यावरून जुन्जी किनोशिता यांनी 1949 साली ‘युझुरू’ हे नाटक लिहिलं. त्यात नवऱ्याला पैशाचा मोह पडतो. जपानी मुलं वचन देताना करंगळीत करंगळी अडकवतात. तिला ‘युबिकिरी’ म्हणतात.

आपल्याकडची अशीच गोष्ट

महाभारतात गंगेने शंतनु राजाला अट घातली होती, ‘मी काहीही केलं तरी मला अडवायचं नाही.’ तिने सात मुलं नदीत सोडली. आठव्या वेळी राजाने तिला अडवलं आणि गंगा निघून गेली. ते आठवं मूल म्हणजे देवव्रत. पुढे आपल्या कडक प्रतिज्ञेमुळे तो भीष्म झाला.

दोन्हीकडे वचन मोडलं, पण कारणं वेगळी. म्हातारीने नुसत्या कुतूहलाने मोडलं, शंतनूने बाळाच्या जिवासाठी. म्हणून वचन देण्याआधी विचार करायचा असतो आणि दिल्यावर, कोणी बघत नसलं तरी, ते पाळायचं असतं. म्हातारीला अडवायला दाराशी कोणीच नव्हतं. तिची परीक्षा तिथेच होती.

विचार करा, सांगा

1. मुलीने आत डोकावू नका असं का सांगितलं असेल?
2. मुलीची काळजी वाटली, तर दार न उघडता म्हातारीला काय करता आलं असतं?
3. शंतनूने वचन मोडलं ते बरोबर की चूक? दोन्ही बाजूंनी बोला.
4. कारण न विचारता पाळावं, असं वचन कोणाला द्याल? कोणाला देणार नाही?

आई-बाबांसाठी

‘पाच मिनिटांत येतो’, ‘शनिवारी नक्की बागेत जाऊ’ ही आपल्या लेखी बोलण्याची पद्धत असते. मुलांच्या लेखी ती वचनं असतात. जमणार नसेल तर ‘बघू’ म्हणावं. ‘नक्की’ म्हटलं तर मात्र जावं. मुलं शब्द पाळायला गोष्टीतून थोडं शिकतात, आपल्याकडे बघून जास्त. ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांच्या करंगळीत करंगळी अडकवून एकच छोटं वचन द्या आणि या आठवड्यात ते पाळून दाखवा.