समुद्री टाकीत नायट्रेट-फॉस्फेट घालताना: आधी लेबल वाचा, मग डबा उघडा



आपल्या सभासदांची काही मुलं-मुली आता हॉटेलांतल्या आणि बंगल्यांतल्या समुद्री टाक्या सांभाळायचं काम करतात. टाकी त्यांची नसते, मासे त्यांचे नसतात. पण काही मेलं तर पैसा आणि नाव दोन्ही त्यांचंच जातं. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: "टाकीतलं नायट्रेट शून्यावर आलंय, प्रवाळ फिकं पडतंय. खताच्या दुकानातली पावडर घातली तर चालेल का?"

उत्तर आधीच सांगतो: नको. का नको आणि मग काय घालायचं, ते आज सविस्तर बघू.

🔹 मुळात घालायची वेळ का येते?

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. या शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. टाकीत मासे कमी असले आणि फेस काढणारं यंत्र जोरात चालत असलं, की पाणी गरजेपेक्षा जास्त साफ होतं. मग प्रवाळ फिकं पडतं, वाढ थांबते. कधी वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर येतो.

बरेच जण नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवतात. पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये तितके मिलिग्रॅम.

रसायन आणण्याआधी दोन गोष्टी करा. टेस्ट किटची तारीख बघून पाणी पुन्हा तपासा. आणि माशांचं खाणं थोडं वाढवून आठवडाभर वाट बघा. पुष्कळ टाक्यांचं काम तेवढ्यावरच भागतं. माशाचं खाणं हेसुद्धा खतच आहे.

🔹 हे टाकीत घालू नका

❌ युरिया, डीएपी, १९:१९:१९: युरियाचा पाण्यात अमोनिया होतो. डीएपीमध्ये अमोनियम असतंच. १९:१९:१९ मध्ये बहुतेक दोन्ही असतात. समुद्राचं पाणी अल्कली असल्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा इथे अमोनियाचा विषारी भाग जास्त असतो.

❌ शेतीचं कॅल्शियम नायट्रेट: नाव ऐकून बरं वाटतं, पण पोत्यावरचा मजकूर वाचा. एकूण नायट्रोजन १५.५ टक्के, आणि त्यात थोडा अमोनियाच्या रूपातला.

❌ सुपर फॉस्फेट: खडकापासून बनतं. जिप्सम आणि खडकातली बाकीची अशुद्धी सोबत येते.

❌ मायक्रोन्यूट्रियंट घातलेलं कुठलंही खत: त्यात तांबं असू शकतं. मोरचूद म्हणजे तांब्याचंच क्षार. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध वापरतात आणि मासे ते सोसतातही. पण कोळंबी, शंख, खेकडे, प्रवाळ त्याच पाण्यात मरतात. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात, त्यामुळे नंतर पाणी बदलूनही ते लवकर जात नाही.

❌ फटाक्याच्या कामाचा सोरा, भांडी-फरशी धुवायची फॉस्फेट पावडर: त्यात आणखी काय मिसळलंय ते डब्यावर नसतं.

खत वाईट असतं असं आमचं म्हणणं नाही. ते पिकासाठी, मातीसाठी बनवलेलं असतं. शेतात चिमूटभर जस्त-तांबं गेलं तर पीक खूश होतं. शंभर लिटरच्या काचेत तेच चिमूटभर कोळंबीचा जीव घेतं.

🔹 मग काय घ्यायचं?

✅ नायट्रेटसाठी सोडियम नायट्रेट. पोटॅशियम नायट्रेटही चालतं, पण एक हिशेब बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सोडियम साधारण १०,८०० मिलिग्रॅम असतं, पोटॅशियम फक्त ४०० च्या आसपास. दर आठवड्याला ५ पीपीएम नायट्रेट पोटॅशियम नायट्रेटमधून दिलं, तर दर वेळी लिटरला सुमारे ३ मिलिग्रॅम पोटॅशियम वाढतं. पाणी न बदलता वर्षभर असंच केलं तर दीडशेच्या वर जातं. चारशेवर दीडशे ही थोडी भर नव्हे. सोडियमची भर मात्र समुद्रात मीठ टाकल्यासारखी, कळतही नाही.

✅ फॉस्फेटसाठी डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. फॉस्फेट अगदी थोडं लागतं, म्हणून इथे मोनोपोटॅशियम फॉस्फेट घेतलं तरी बिघडत नाही.

🔹 दर्जा कोणता?

• एआर: प्रयोगशाळेचा वरचा दर्जा. बाटलीवर अशुद्धीची कमाल मर्यादा छापलेली असते: शिसं किती, लोह किती. महाग वाटतं, पण एक बाटली वर्षानुवर्षं पुरते.
• एलआर: त्याखालचा दर्जा. मर्यादा छापलेली असेल आणि जड धातू कमी असतील तर चालेल.
• फूड ग्रेड: चालेल, पण गोळे होऊ नयेत म्हणून काही मिसळलं आहे का ते घटकांच्या यादीत बघा.
• टेक्निकल, कमर्शियल: नको.
• सुटं, पुडीत बांधून दिलेलं: दुकानदार कितीही ओळखीचा असो, नको.

⚠️ एका मात्रेचा फरक, जिवाशी गाठ

सोडियम नायट्रेट आणि सोडियम नायट्राइट. दोन्ही पांढरट, दोन्ही एकाच फळीवर ठेवलेली असू शकतात. नायट्राइट माणसाला विषारी आहे. थोडं जरी पोटात गेलं तरी रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि माणूस दगावू शकतो. फूड ग्रेडवर आकडा बघा: आयएनएस २५१ म्हणजे नायट्रेट, २५० म्हणजे नायट्राइट. दुकानात तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. घरी आल्यावर लेबल पुन्हा वाचा आणि शंका आली तर डबा न उघडता परत करा.

🔹 द्रावण कसं करायचं?

पावडर थेट टाकीत टाकायची नाही. आरओ-डीआय पाण्यात द्रावण करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागेल. चमच्याने मोजायचं नाही.

नायट्रेट: १३.७ ग्रॅम सोडियम नायट्रेट विरघळवून एकूण द्रावण १ लिटर करा. याचे १० मिली, १०० लिटरच्या टाकीत १ पीपीएम नायट्रेट वाढवतात.

फॉस्फेट: इथे लेबलवर "अनहायड्रस", "डायहायड्रेट" की "डोडेकाहायड्रेट" ते बघा. स्फटिकात पाणी किती धरलंय त्यावर वजन बदलतं. एक लिटर द्रावणासाठी
– अनहायड्रस: १.५ ग्रॅम
– डायहायड्रेट: १.९ ग्रॅम
– डोडेकाहायड्रेट: ३.८ ग्रॅम
याचा १ मिली, १०० लिटरमध्ये ०.०१ पीपीएम फॉस्फेट वाढवतो. न बघता माप घेतलं तर डोस अडीच पट चुकू शकतो.

टाकीत पाणी खरोखर किती, तेही मोजा. काचेच्या मापातून दगड आणि वाळूची जागा वजा करायची.

दिवसाला नायट्रेट १ पीपीएम, फॉस्फेट ०.०२ पीपीएम याच्या वर जाऊ नका. पाणी जिथे जोरात वाहतं तिथे सावकाश ओता. कॅल्शियमचा डोस आणि फॉस्फेटचा डोस एकाच वेळी, एकाच जागी नको. दोघं मिळून पांढरा साका धरतो. सुरुवातीला फॉस्फेट दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसेल, कारण दगड ते शोषून घेतात. म्हणून दुप्पट घालायची घाई नको. दगड एकदा भरले की आकडा एकदम चढतो. रोज मोजा, वहीत लिहा.

🔹 घरात ठेवताना

पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत द्रावण कधीही भरू नका. मुलं तहान लागली की बाटली बघत नाहीत. वेगळी बाटली घ्या, मोठ्या अक्षरांत नाव, तारीख, "विष, पिऊ नये" असं लिहा आणि कुलपात ठेवा. नायट्रेटची पावडर आगीला जोर देते. चूल, डिझेल, रंग-थिनर यांच्याजवळ नको.

🔹 शेवटची पण महत्त्वाची गोष्ट

टाकीला प्रवाळ हवं म्हणून ते आपल्या समुद्रातून आणायचं नाही. ग्रँड आयलंडला आहे, मालवणला आहे, ते तिथेच राहू दे. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडा हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जाळ्यात आलं तर तिथल्या तिथे पाण्यात सोडा. गिऱ्हाइकाच्या टाकीत प्रवाळ असेल तर काम घेण्याआधी त्याचे कागद मागा. कागद नसतील तर ते काम सोडलेलं बरं.

ज्यांची मुलं या कामात आहेत त्यांना हा धडा दाखवा. नवीन बाटली घेतली आणि लेबल कळत नसेल तर फोटो पाठवा किंवा बाटली घेऊन ऑफिसात या, सोबत बसून वाचू. डबा मात्र तोवर उघडू नका.

आपला,
सचिव