उशीर का झाला, ते तारखेनिशी सांगा

एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा आमचे काही गुंठे कागदोपत्री शेजारच्या गटात गेले. बांध होता तिथेच राहिला, वहिवाटही तीच. पुढे शेजाऱ्यांच्या मुलांनी वाटणीसाठी सरकारी मोजणी आणली आणि हद्दीच्या खुणा आमच्या विहिरीच्या अलीकडे पडल्या. गंगापूर तालुक्यात वाळूजकडे जमिनीला भाव आल्यापासून अशी जुनी भांडणं मोजणीच्या दिवशीच उकरली जातात.

चुलत्यांनी एकाकडून दुरुस्तीचा अर्ज लिहून घेतला. विलंबाबद्दल त्यात एकच ओळ होती: अर्जदार अडाणी शेतकरी असून कायद्याची माहिती नव्हती, सबब विलंब माफ व्हावा. समोरच्या वकिलांनी चुलत्यांच्या पीककर्जाचे कागद पुढे केले. कमी क्षेत्राचाच सातबारा जोडलेला, खाली चुलत्यांची ठसठशीत सही. अर्ज मुदतीवरच निकाली निघाला. गुंठ्यांबद्दल आदेशात चकार शब्द नाही.

1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याच्या कलम 32 खाली एकत्रीकरणाच्या योजनेतली चूक दुरुस्त करून मागता येते. त्यात मुदत लिहिलेली नाही, म्हणून कधीही गेलं तरी चालतं अशी गावोगाव समजूत आहे. ती खोटी आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 257 खालच्या, 17 वर्षांनी केलेल्या एका फेरतपासणी अर्जाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं, की वाजवी काळ म्हणजे साधारण तीन वर्षं. एकत्रीकरणाच्या प्रकरणातही समोरचा पक्ष हाच निकाल काढतो. उलट 1998 मध्ये याच न्यायालयाने 883 दिवसांचा उशीर माफ केला होता. दिवस किती गेले यापेक्षा कारण पटतं का, हे त्याने पाहिलं.

अपिलासाठी गाठलेले वकील पहिल्याच भेटीत म्हणाले, "काका, अडाणीपणा राहू द्या. तुम्हाला कळलं कधी, ते दाखवा." मग मोजणीची नोटीस निघाली, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत निघाली, नकलांच्या अर्जाच्या पावत्या आणि मधल्या आजारपणातलं घाटी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड निघालं. विलंब माफीचा अर्ज वेगळा केला, त्याला प्रतिज्ञापत्र जोडलं. कर्जाचे कागद लपवले नाहीत: फॉर्म दुसऱ्याने भरला, काकांनी सही केली, ताबा कधीच सुटला नव्हता, असं सरळ लिहिलं. मला तरी वाटतं, अपिलात विलंब माफ झाला तो या सरळपणामुळेच.

तुमच्याकडे असं काही असेल, तर भूमी अभिलेखमधून योजनेचा 9(3), 9(4) चा उतारा आणि एकत्रीकरणाचा जबाब आधी काढा. जबाबावर वडील-आजोबांची सही किंवा अंगठा आहे का, ते पाहा. असेल तर त्याचं उत्तर तयार ठेवा. चूक नुसती लिहिण्याची वा बेरजेची असेल, तर मार्ग वेगळा आणि सोपा आहे. नकलेला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, म्हणून पावती फेकू नका. आधी दिवाणी कोर्टात फिरून आला असाल, तर तिथले कागदही जोडा. चुकीच्या दारात, पण प्रामाणिकपणे गेलेला वेळ मागता येतो.

आमचं मूळ प्रकरण अजून चालू आहे. मध्यंतरी समोरच्यांपैकी एकजण वारले. त्यांच्या वारसांना प्रकरणात आणायचा अर्ज आम्ही तेराव्याच्या आठवड्यातच दिला. शेजाऱ्यांना ते फार लागलं. पण त्यालाही मुदत असते.