दोन हात

सकाळची वेळ होती. ओसरीवर आजोबा बसले होते आणि सहावीत शिकणारा त्यांचा नातू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत होता. एका बातमीचा मथळा होता, ‘दुष्काळाशी दोन हात’. तो वाचून मुलगा थबकला.

‘‘आजोबा, दुष्काळाला हात असतात का हो?’’

आजोबा हसले. ‘‘दुष्काळाला नसतात, बाळ, पण गावकऱ्यांना असतात. काल शाळेत मित्राशी दोन हात करून तू सदरा फाडून घेऊन आलास, तेही शब्द हेच. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे का, याचा विचार कर बरे!’’

नातवाला पडलेला हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. शब्दांचा नेहमीचा अर्थ बाजूस राहतो आणि त्या शब्दसमूहाला निराळाच अर्थ रूढ होतो, तेव्हा त्यास वाक्प्रचार म्हणतात. ‘दोन हात करणे’ म्हणजे लढणे, झुंजणे, सामना देणे. येथील ‘हात’ म्हणजे केवळ शरीराचा अवयव नव्हे. शस्त्र चालवण्याच्या एकेका वारालाही मराठीत हात म्हणतात. दांडपट्टा खेळणारा गडी पट्ट्याचे चार हात करून दाखवतो, तेव्हा तो आपले शस्त्र चार वेळा फिरवून दाखवतो. लढाईतील ‘दोन हात’ त्याच जातीचे.

या ‘हाता’ची गंमत येथेच संपत नाही. ‘भांडखोर माणसापासून चार हात दूर राहावे’ असे आपण म्हणतो. तेथे हात हे लांबी मोजण्याचे माप आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक हात. ‘मुलाचे दोनाचे चार हात झाले’ असे म्हटले, तर कोणी मारामारी समजू नये. त्या मुलाचे लग्न झाले, एवढाच त्याचा अर्थ! एकाच शब्दाने एके ठिकाणी लढाई होते, दुसऱ्या ठिकाणी अंतर मोजले जाते आणि तिसऱ्या ठिकाणी संसार उभा राहतो. म्हणून वाक्प्रचारातील शब्द सुटा करून त्याचा अर्थ लावू नये.

लढाईचे कितीतरी वाक्प्रचार मराठीने आखाड्यातून उचलले आहेत. कुस्तीपूर्वी पहिलवान मांडीवर किंवा दंडावर थाप मारून प्रतिस्पर्ध्यास आव्हान देतो. त्यावरून ‘शड्डू ठोकणे’ व ‘दंड थोपटणे’ हे वाक्प्रचार आले. कुस्तीत हरलेला मल्ल पाठीवर पडतो. त्याच्या पाठीला माती लागते आणि डोळ्यांपुढे आकाश येते. म्हणून प्रतिपक्षाचा पराभव करणे म्हणजे त्याला ‘अस्मान दाखवणे’.

काही वाक्प्रचार रणांगणातून आले. दूरवरून होणारा मारा थांबून सैनिक एकमेकांना अगदी भिडले, की लढाई ‘हातघाईवर येते’. १६६० साली बाजीप्रभू देशपांडे यांनी मूठभर मावळ्यांनिशी घोडखिंडीत शत्रूस रोखून धरले. शिवाजीमहाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचेपर्यंत त्यांनी वाट सोडली नाही. पुढे ती खिंड पावनखिंड या नावाने ओळखली जाऊ लागली. मुख्य माणूस येईपर्यंत एखाद्याने एकट्याने काम निभावून नेले, की त्याने ‘खिंड लढवली’ असे आपण आजही म्हणतो. १७६१ च्या लढाईतील दारुण पराभवामुळे ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता धुव्वा उडणे असा अर्थ रूढ झाला. इतिहासातील जय आणि पराजय हे दोन्ही भाषेने असे जपून ठेवले आहेत.

सगळीच भांडणे हातांनी होत नाहीत. पुष्कळशी जिभेने सुरू होतात. एकाने ‘अरे’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘का रे’ म्हणून उलट उत्तर दिले, की ते झाले ‘अरेला कारे करणे’. एरवी ‘अहो, जाहो’ म्हणणारी माणसे रागाच्या भरात ‘अरे, तुरे’ म्हणू लागली, की भांडण ‘एकेरीवर येते’. त्यापुढची पायरी ‘हमरीतुमरीवर येणे’ आणि त्यापुढची हातघाई. बोलण्यातला आदर सुटणे ही या जिन्याची पहिली पायरी होय. तेथेच जो थांबतो, त्याला खाली उतरणे सोपे जाते.

प्रत्येक भाषा असे वाक्प्रचार आपापल्या मातीतून घेते. मुष्टियुद्धात आपला खेळाडू आता टिकाव धरणार नाही असे दिसले, की त्याचा साहाय्यक रिंगणात टॉवेल टाकतो. त्यावरून इंग्रजीत ‘टॉवेल टाकणे’ म्हणजे हार मानणे असा अर्थ झाला. पण ‘आमच्या संघाने टॉवेल टाकला’ असे मराठीत म्हटले, तर तो वाळत घातला असेल असेच ऐकणाऱ्यास वाटेल! मराठीत त्यासाठी ‘हात टेकणे’ किंवा ‘नांगी टाकणे’ हे वाक्प्रचार आहेत. वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर करू नये, ते याचसाठी.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत उतरले. मातीत खेळणाऱ्या या मल्लास तेथील गादी नवखी होती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. खाशाबा ज्या महाविद्यालयात शिकले, तेथील प्राचार्यांनी तर आपले घर गहाण ठेवले. त्या स्पर्धेत खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यांशी दोन हात केले, हा या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ. त्याआधी त्यांनी गरिबीशी दोन हात केले, हा त्याचा विस्तारलेला अर्थ. पहिल्या झुंजीत ते एकटे होते. दुसऱ्या झुंजीत सारा गाव त्यांच्या पाठीशी होता.

या विस्तारलेल्या अर्थाच्या लढाईत कोणावर वार करावा लागत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली, तेव्हा सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेसाठी धावल्या. ती सेवा करीत असतानाच त्यांना प्लेग झाला व त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. तरीही त्यांनी मृत्यूशी दोन हात केले, असे म्हणण्यात काहीच अतिशयोक्ती नाही.

‘दोन हात करणे’ या वाक्प्रचाराबरोबर बहुधा ‘शी’ हा प्रत्यय येतो : शत्रूशी, संकटाशी, अज्ञानाशी, मित्राशी. व्याकरणाच्या दृष्टीने ही चारही रूपे शुद्ध आहेत. परंतु ‘शी’च्या आधी कोणता शब्द ठेवावा, हे व्याकरण सांगत नाही, ते ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. नातवाने वर्तमानपत्राची घडी केली आणि फाटका सदरा घेऊन तो आजीकडे सुईदोरा मागावयास गेला. वाटेत त्याने विचारले, ‘‘आजोबा, मित्राकडे आज जाऊ का?’’

‘‘जा,’’ आजोबा म्हणाले, ‘‘आणि त्याच्याशी हात मिळव.’’

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) दांडपट्ट्याच्या खेळात ‘हात’ या शब्दाचा अर्थ काय?
(आ) ‘अस्मान दाखवणे’ हा वाक्प्रचार कशावरून आला?

२. खाशाबा जाधव यांनी कोणकोणत्या झुंजी दिल्या, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
शड्डू ठोकणे, खिंड लढवणे, एकेरीवर येणे, चार हात दूर राहणे.

४. ‘हात’ हा शब्द असलेले आणखी पाच वाक्प्रचार घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून लिहा.

५. पाठाच्या शेवटी आजोबांनी ‘हात मिळव’ असे का सांगितले असावे?