मुंबईच्या वाटा

आमच्या शाळेंतून दर वर्षीं कांहीं विद्यार्थी पुढील शिक्षणासाठीं मुंबईस जातात, व सुटी लागतांच घरीं परततात. त्यांस निरोप देतांना पालकांचा पहिला प्रश्न असतो तो असा कीं, मुलानें जावें कोणत्या वाटेनें? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर देण्यास थोडा भूगोल, थोडा इतिहास व पुष्कळशी व्यवहारबुद्धि लागते. म्हणून त्याचा विचार येथें करूं.

प्रथम नकाशा समोर घ्या. मुंबई हें मूळचें सात बेटांचें स्थळ. बेटांमधील खाड्या भरून एक भूमि झाली खरी. परंतु उत्तरेस माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता १८४५ सालीं खुला झाला, तोंपर्यंत वांद्र्यास जावयाचें म्हणजे नावेंत बसावें लागे. पूर्वेस समुद्राचा रुंद फांटा, व त्यापलीकडे सह्याद्रीची भिंत. असे हे दोन अडथळे: एक पाण्याचा, दुसरा डोंगराचा. मुंबईच्या सर्व वाटांचा इतिहास म्हणजे हे दोन अडथळे जिंकण्याचा इतिहास होय.

आगगाडीपासून आरंभ करूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं उतारूंची पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. तें अंतर अवघें ३४ किलोमीटरांचें, व वाट सपाट. खरी कसोटी लागली ती बोरघाटांत. तेथील लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. पण त्यापायीं पटकीनें व अपघातांनीं असंख्य मजुरांचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं येथें आला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें इंजिनियर नेमून काम तडीस नेलें. या घाटांत दर ३७ मीटरांस १ मीटर चढ आहे. मुलांनो, गणित करून पाहा: एका किलोमीटरांत गाडी सुमारें २७ मीटर वर चढते! म्हणूनच कर्जतेस बहुतेक गाड्यांच्या पाठीमागें जादा इंजिनें लावितात. कोंकणास मात्र फार काळ थांबावें लागलें. कोंकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाड्या धांवूं लागल्या त्या २६ जानेवारी १९९८ पासून.

पूर्वीं पुष्कळशा कोंकणी माणसांची वाट समुद्राची होती. या वाटेनें आम्हांस एक धडा दिला आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, भर पावसाळ्यांत, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट मोठ्या लाटेनें कलंडली. भयभीत उतारू एका बाजूस धांवले, बोट उलटली, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्यांतील कित्येकजण आपल्या घरींच निघाले होते. आज मांडव्यास जाण्यासाठीं, २०२० सालापासून, मोटारी सुद्धां वाहून नेणारी मोठी बोट आहे. अलिबागेचा रस्त्यानें होणारा सुमारें शंभर किलोमीटरांचा वळसा तिनें पुष्कळ वांचतो. गेटवेपासून सुटणाऱ्या लहान लाँची पावसाळ्यांत बंद असतात, म्हणून कोणी कुरकुर करितो. त्यानें ‘रामदास’ आठवावी.

रस्त्यांची प्रगति तर डोळ्यांदेखतची आहे. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं झाला. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु जानेवारी २०२४ मध्यें खुला झाला. मात्र त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांमध्यें धांवली. जेथें लोहमार्ग नाहीं, अशा खेड्यांतील मुलाची मुंबई आजही एस. टी. च्या थांब्यापासूनच सुरू होते.

विमानाविषयीं थोडक्यांत सांगतों. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानें उडूं लागलीं. तेव्हां तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे, तें आधीं वाचावें.

हाच नियम आगगाडीसही लागू आहे. आमच्या परिचयाचें एक कुटुंब मुलाच्या परीक्षेसाठीं मुंबईहून निघालें. गाडी सुटणार होती कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसाहून, आणि ही मंडळी सामानासुमानासह बोरीबंदरास उभी! गाडी गेली, परीक्षेचा एक दिवस बुडाला, व मुलाचें वर्ष धोक्यांत आलें. वांद्रे स्थानक व वांद्रे टर्मिनस हींही दोन निरनिराळीं ठिकाणें आहेत, हें ध्यानांत असूं द्यावें.

तात्पर्य, वाट निवडतांना चार गोष्टी पाहाव्या: वेळ, खर्च, ऋतु आणि सुरक्षितता. पैकीं पहिल्या तिहींत थोडें कमीजास्त चालेल. चौथींत मुळींच चालणार नाहीं. चालत्या लोकलच्या दारांत लोंबकळून वांचविलेलीं पांच मिनिटें कोणाच्याही उपयोगीं पडलेलीं आम्हीं पाहिलीं नाहींत. मुलगा किती लवकर पोंचला, याची चौकशी शेजारी करितात. तो सुखरूप पोंचला कीं नाहीं, ही काळजी आईस असते. विद्यार्थ्यांनीं वाट धरतांना तिचीच आठवण ठेवावी.