रोज अर्धा तास, वाचायचं काय?

प्रश्न : ऑफिस, घर, मुलांचा अभ्यास यांतून वाचायला रोज जेमतेम अर्धा तास मिळतो. ‘वाचायलाच हवीत’ अशा पुस्तकांच्या याद्या पाहिल्या की छाती दडपते. नेमकी कोणती घ्यावीत?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अर्ध्या तासात १५ पानं आरामात होतात. वर्षाची साधारण साडेपाच हजार, म्हणजे २०० पानांची २५-२७ पुस्तकं. हे काही थोडं नाही. मात्र ‘मृत्युंजय’एवढा ठोकळा हाती घेतलात तर दीड-दोन महिने त्यातच जातील. म्हणून माझा आग्रह असा, की आधी पातळ पुस्तकं घ्या. मराठीतलं कितीतरी अस्सल लेखन आटोपशीर आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. पोरं शाळेत यायला तयार नाहीत, मोठ्यांना शाळेचं सोयरसुतक नाही. हळूहळू लोक आपली गाऱ्हाणी त्याच्याकडे आणू लागतात. मग सगळे मिळून तालीम बांधतात, आणि पुढे दुष्काळ पडून वाडी उठते. माडगूळकर कुठेही गळा काढत नाहीत, म्हणूनच ती ओसाड वाडी मनातून जात नाही. एवढं सगळं दीडशेच्या आसपास पानांत! विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) तर एका रविवारी संपेल.

तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्याला लेखसंग्रह फार सोयीचे. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण अशा एकेका व्यक्तीवर स्वतंत्र लेख आहे. मध्ये चार दिवस खंड पडला तरी धागा तुटत नाही. बाई मानववंशशास्त्रज्ञ. महाभारतातल्या माणसांना त्या माणसांच्याच मापाने मोजतात. एखादा निष्कर्ष पटणार नाही, त्यांच्याशी मनातल्या मनात भांडाल. भांडायला लावणारं पुस्तक मला नेहमीच वेळ देण्याजोगं वाटतं.

नवं पुस्तक निवडताना मलपृष्ठावरच्या कौतुकावर जाऊ नका. वाचनालयात उभ्याउभ्या ते मध्येच उघडा आणि दोन पानं वाचा. सुरुवात बहुतेक लेखक घोटून लिहितात. मधल्या पानांत त्यांचा खरा वकूब कळतो. घरी आणल्यावर ४० पानांत जीव रमला नाही तर खुशाल परत करा. दया पवारांच्या ‘बलुतं’सारख्या (१९७८) पुस्तकाला मात्र थोडी सवड द्या. त्यातलं जग आणि भाषा ओळखीची नसेल तर पहिली काही पानं अडखळायला होईल, पण तो अडखळा पुस्तकाचा दोष नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. त्या एकदा सांगायला लागल्या की अर्ध्या तासात उठवत नाही.