कुंपणाची लांबी व दशांशांची बेरीज

सात-बारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्यें असतें व शेताच्या बाजू मीटरनें मोजल्या जातात. तेव्हां दशांशांची बेरीज प्रत्येक खातेदारास बिनचूक आली पाहिजे. आम्ही एक उदाहरण घेऊं.

शेताच्या चार बाजू ६२.५ मीटर, ४८.७५ मीटर, ६० मीटर व ४७ मीटर ८ सेंटीमीटर आहेत. सभोंवार तारेच्या तीन ओळी घालावयाच्या आहेत. तर तार किती लागेल?

मीटराचे सेंटीमीटर १००. म्हणून ८ सेंटीमीटर म्हणजे ०.०८ मीटर. ०.८ लिहिल्यास ते ८० सेंटीमीटर होतील. आतां दशांशचिन्हें एकाखालीं एक मांडून रिकाम्या जागीं शून्यें घालावीं:

६२.५०
४८.७५
६०.००
४७.०८
बेरीज २१८.३३ मीटर

तिची तिप्पट ६५४.९९, म्हणजे सुमारें ६५५ मीटर. खांबांचे वळसे व सांधे यांकरितां तार निराळी धरावी.

हेच आंकडे पूर्णांकांप्रमाणें उजव्या कडेस जुळवून मांडल्यास बेरीज १०२.६८ येते, व तार निम्म्या कुंपणासही पुरत नाहीं! याकरितां आधीं अजमास घ्यावा: ६३, ४९, ६० व ४७ मिळून २१९. उत्तर याच्या आसपास नसेल, तर तारेची मागणी करण्यापूर्वीं मांडणी पुन्हां तपासावी, असें आम्ही सुचवितों.